सळईच्या वजनासाठी सूत्र साठवता येईल असं कॅल्क्युलेटर ॲप कोणतं?

बीबीएस_तपासनीस
बीबीएस (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) तपासताना दिवसाला दीडदोनशे ओळी होतात आणि प्रत्येकीत तेच: व्यासाचा वर्ग भागिले १६२, गुणिले लांबी, गुणिले नग. शेवटी व्यासवार बेरीज. साइटवर रेंज नसते आणि फोनवर एक्सेलचे चौकोन बोटाने भरणं वैतागाचं आहे. सूत्र एकदा भरून पुढे नुसते आकडे टाकता येतील असं अँड्रॉइडवर काय आहे?

उलटगणिती
फ्री४२ घ्या. १९८८ च्या एचपी-४२एस कॅल्क्युलेटरची हुबेहूब नक्कल. फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. अडचण एकच: आधी आकडे, मग चिन्ह. हात बसायला दोनतीन दिवस लागतात.

जीटीओ, टिंब, टिंब दाबून नवी जागा घ्या. शिफ्ट आणि आर/एस ने प्रोग्रॅम मोडमध्ये जा आणि हे भरा:

एलबीएल "डब्ल्यू"
इनपुट "डी"
इनपुट "एल"
इनपुट "एन"
आरसीएल "डी"
एक्स-वर्ग
१६२
÷
आरसीएल× "एल"
आरसीएल× "एन"
एसटीओ+ इंड "डी"
स्टॉप
जीटीओ "डब्ल्यू"

गंमत एसटीओ+ इंड मध्ये आहे. व्यास हाच रजिस्टरचा (आकडा साठवायच्या कप्प्याचा) नंबर होतो, म्हणजे १६ मिमीचं वजन रजिस्टर १६ मध्ये साठत जातं. शेवटी आरसीएल १६ केलं की त्या व्यासाची बेरीज समोर. पण मुळात रजिस्टरं २५ च असतात, ०० ते २४. २५ किंवा ३२ मिमी टाकलं की साइझ एरर येणारच, म्हणून आधी साइझ ४० करून ठेवा. नवं शेड्यूल सुरू करताना सीएलआरजी (सगळी रजिस्टरं शून्य), नाहीतर कालचं वजन आजच्यात मिसळेल.

पडताळा: व्यास १६, लांबी १२ मीटर, नग १०. उत्तर १८९.६३ किलो यायला हवं.

कात्री
एकच सूत्र असेल तर एवढा खटाटोप कशाला? साध्या कॅसिओ ९९१ईएस वर ए, बी, सी घेऊन सूत्र लिहा आणि कॅल्क दाबा, तो एकेक किंमत विचारतो. मात्र मोड बदलला की सूत्र पुसलं जातं आणि व्यासवार बेरीज हातानेच करावी लागते.

उलटगणिती
दीडशे ओळींना तिथेच मार बसतो.

रिंगमास्टर
वरच्या प्रोग्रॅमबद्दल दोन गोष्टी. इनपुटला नुसतं आर/एस दाबलं तर जुनीच किंमत राहते. व्यास तोच असताना ही सोय, पण नग बदलायला विसरलात तर चूक कळतही नाही. दुसरं, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सिग्मा+ ला बोट लागू देऊ नका. ती कळ ११ पासून पुढच्या रजिस्टरांत लिहिते, म्हणजे तुमचं १२ आणि १६ मिमीचं वजन बिघडलंच.

रिंगांसाठी (उभ्या सळयांभोवतीची कडी) वेगळं लेबल करा. ३०० × ४५० चा कॉलम, कव्हर (रिंगेबाहेरचं काँक्रीट) ४० धरलं तर रिंग बाहेरून २२० × ३७०, परिमिती ११८०. हुक दोन्हीकडे १० डी (डी म्हणजे रिंगेच्या सळईचा व्यास), वजा ९० अंशाचे तीन बेंड २ डी प्रमाणे आणि १३५ चे दोन ३ डी प्रमाणे. म्हणजे निव्वळ अधिक ८ डी. ८ मिमीला १२४४ मिमी. कन्सल्टंटचा नियम वेगळा असेल तर तोच घ्या, प्रोग्रॅममध्ये एकच आकडा बदलतो.

रिंगांचे नग काढताना आयपी (फक्त पूर्णांक भाग ठेवणारी कळ) वापराल तर फ्री४२ ची डेसिमल आवृत्तीच घ्या. बायनरीत ०.३ ÷ ०.१ तीनाहून किंचित कमी येतं. पडद्यावर ३ दिसतं, आयपी घेतलं की २.

बीबीएस_तपासनीस
साइझ ४० केलं, पडताळा जुळला. पण ८ मिमीचं वजन काट्यावर कमी भरतंय, १६२ चुकतंय का?

रिंगमास्टर
नाही. १६२ म्हणजे पोलादाच्या ७८५० घनतेवरून आलेला आकडा, नेमका १६२.२. आयएस १७८६ (सळयांचं भारतीय मानक) प्रमाणे १० मिमीपर्यंत ±७ टक्के, १६ पर्यंत ±५, त्यापुढे ±३ चालतं. फरक सात टक्क्यांच्या आत असेल तर बिल काट्याच्या वजनावर की सूत्राच्या, हे आधी करारात बघा.