विनोदी लेखक होण्याचा प्रयत्न केव्हा थांबवावा?

यार्डातला दिवाणजी (सांगली)

नमस्कार. माझे वय ३६. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो आणि गेली ११ वर्षे विनोदी लेखनही करतो. या काळात चाळीसएक कथा लिहून झाल्या, त्यांतील पाच दिवाळी अंकांत छापून आल्या. दोन एकांकिका स्पर्धेत उतरल्या, पण प्राथमिक फेरीच्या पुढे गेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमासाठी मुंबईत राहून सात महिने प्रहसने लिहिली. आठवड्याला तीन लिहावी लागत, त्यांतले एखादे निवडले जाई आणि चित्रीकरणापर्यंत जाता जाता त्यात माझे वाक्य क्वचितच शिल्लक राहत असे. शेवटच्या महिन्यांचे मानधन फार उशिरा मिळाले. तोपर्यंत खोलीचे भाडे उसनवारीवर भागवले आणि मग परत आलो.

यंदा मुलगी पहिलीत गेली. पत्नीने लेखन थांबवा असे कधीच म्हटलेले नाही. मात्र गेल्या महिन्यात ती एवढेच म्हणाली, की पूर्वी तुम्ही लिहिता लिहिता उठून मला वाचून दाखवत होता, आता कित्येक दिवसांत काही ऐकवले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. प्रयत्न सोडण्याची वेळ आली आहे, हे माणसाने कशावरून ओळखावे?

हरिपूरचा रहिवासी

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतवले आहेत, असे मला वाटते. विनोदावर घर चालावे ही इच्छा सोडणे आणि विनोद लिहिणे सोडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. चिं. वि. जोशी बडोद्यात पाली भाषा शिकवत होते, द. मा. मिरासदार महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. दोघांनीही आपल्याला पोटभर हसवले आणि दोघांचा संसार पगारावर चालला. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. त्याच्या मानधनावर संसाराचा भार टाकला, तर नाकारली गेलेली प्रत्येक कथा थकलेल्या हप्त्यासारखी वाटू लागते, आणि अशा मनःस्थितीत मोकळेपणाने लिहिता येत नाही.

आमच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. मोलिएरच्या प्रहसनाचा धागा घेऊन त्यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले. त्याच नाटकाला पुढे पदांची जोड देऊन त्यांनी ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले, आणि ते १९१६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, रंगभूमीवर आले. दोहोंत २३ वर्षांचे अंतर आहे. अर्थात मधल्या काळात ‘शारदा’मुळे देवलांचे नाव सर्वतोमुखी झालेले होते, त्यामुळे थांबून राहिले की फळ मिळतेच, असे यातून कोणी काढू नये. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की एकदा लिहून झालेल्या विनोदाकडे त्यांना परत जावेसे वाटले.

कवलापूरच्या वाटेवर

माझे मामा तमाशाच्या फडात होते. काळू-बाळू या गाजलेल्या तमाशा-जोडीच्या कवलापूरचा शेजार असल्यामुळे सोंगाड्याचे काम म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. बतावणीतले, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादातले, जे वाक्य आज एका गावच्या यात्रेत हशाविना पडले, ते उद्याच्या गावी तसेच्या तसे येत नसे. शब्द मागेपुढे होई, थांबण्याची जागा बदले, आणि चार गावांनंतर तेच वाक्य कनात हलवून सोडी. मामा म्हणत, पब्लिक हसले नाही तर पब्लिकला नावे ठेवायची नाहीत. ज्याने नावे ठेवायला सुरुवात केली, त्याचे फडातले दिवस भरले, असे ते मानत.

कागदावर लिहिणाऱ्याला ही सोय नसते. संपादकाचा नकार आला तरी कथा नेमकी कुठे पडली, ते त्यातून कळत नाही. पाच स्वीकार आणि पस्तीस नकार या आकड्यांवरूनही ते कळणार नाही. म्हणून माझी विनंती आहे, की एक जुनी कथा घ्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या आठदहा जणांसमोर ती मोठ्याने वाचा आणि ते जिथे गप्प राहिले तेवढ्याच जागा पुन्हा लिहा. त्या जागांवर परत बसावेसेच वाटले नाही, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले.

साताऱ्याची शिक्षिका

मी आठ वर्षे विनोदी लेख आणि शाळांसाठी नाटुकली लिहिली आणि सहा वर्षांपूर्वी थांबले. तेव्हा सातारा ते वाई रोजचा एसटीचा प्रवास होता आणि शेजारच्या बाकावरचे बोलणे ऐकण्यासाठी मी मुद्दाम मधली जागा धरत असे. एक वेळ अशी आली, की ऐकायचा कंटाळा येऊ लागला. माणसांविषयीचे कुतूहल आटले आणि लेखिका म्हणून ओळख टिकावी एवढीच इच्छा उरली. ते लक्षात आल्यावर मी पूर्णपणे थांबले. पहिली दिवाळी फार जड गेली, अंक हातात घेववत नव्हते. पुढे ते दुःख ओसरले आणि आता मी निव्वळ वाचक म्हणून सुखात आहे. त्यामुळे छंद म्हणून चालू ठेवा, असे मी सरसकट सांगणार नाही. कित्येकांना अर्धवट सोडणेच अधिक जाचते.

मात्र एक गोष्ट आपण सांगितलेली नाही. पत्नीला वाचून दाखवणे नेमके केव्हा बंद झाले, मुंबईला जाण्याआधी की तिथून आल्यानंतर? आधीच बंद झाले असेल, तर माझ्यासारखे थांबण्याचा विचार जरूर करा. नंतर बंद झाले असेल, तर तो त्या कामाचा शिणवटा असू शकतो, आणि शिणलेल्या माणसाने कायमचा निर्णय घेऊ नये.

यार्डातला दिवाणजी (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या प्रश्नाने मला दोन दिवस विचार करायला लावला. वाचून दाखवणे मुंबईहून आल्यानंतरच बंद झाले. तिथे दर चार वाक्यांना हशा हवा अशी सक्ती होती; आल्यावर लिहिलेल्या कथा काढून पाहिल्या, तर सगळ्यांत तीच घाई दिसली.

मुंबईला जाण्यापूर्वीची एक कथा सापडली. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून, किमतीच्या खुणा करत बैलाचा सौदा चालला आहे आणि दोघेही एकमेकांच्या बोटांचा वेगळाच अर्थ लावत आहेत, अशी ती कथा आहे. वाहिन्यांकडे पुन्हा जायचे नाही, हे आता ठरले आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत नवे काही कोठेही पाठवणार नाही आणि ही एकच कथा यार्डातील हमालांच्या विश्रांतीच्या वेळेत वाचून पाहीन. काल रात्री ती पत्नीला वाचून दाखवली. दोन ठिकाणी ती मोकळेपणाने हसली. शेवट मात्र तिला कळलाच नाही, बैल अखेर कोणाकडे गेला असे तिने विचारले. तो शेवट आज पहाटे पुन्हा लिहायला घेतला आहे.