शब्दचर्चा: ‘पब्लिक कन्सल्टेशन’ला मराठीत काय म्हणायचं? आणि टॉवरमधून नक्की काय निघतं?

ऐरोलीकरीण: आमच्या भागात डेटा सेंटर येऊ घातलंय, शिवाय शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर. सोसायट्यांमध्ये वाटायला दोन पानी पत्रक करतेय. ‘पब्लिक कन्सल्टेशन’ला ‘सार्वजनिक सल्लामसलत’ लिहिलं, तर सासरे म्हणाले, “कोण कोणाला सल्ला देतंय?” रूढ शब्द काय आहे?

अव्वल कारकून (निवृत्त): सासऱ्यांना नमस्कार सांगा. सल्लामसलत चार माणसं दार लावून करतात. सरकारी मराठीत ‘हरकती व सूचना मागविणे’ हा मुरलेला प्रयोग आहे. विकास आराखडा असो की प्रभागरचना, नोटिशीत हेच असतं, आणि ‘हरकत’ नोंदवली की त्यावर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

वाचक: मग ‘जनसुनावणी’ का नको?

अव्वल कारकून: ती त्यातला एक भाग झाली. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत (प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याचा नियम) कन्सल्टेशनचे दोन भाग आहेत: स्थानिकांसाठी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास सुनावणी, आणि ज्यांचा संबंध पोचतो त्या इतरांकडून लेखी म्हणणं. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यायची, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. पण ताई, खरी मेख पुढे आहे. डेटा सेंटर बहुधा ‘इमारत बांधकाम’ या सदरात मोजलं जातं, आणि त्या सदराला कन्सल्टेशनमधून सूट आहे. डिझेल जनरेटरची रांग, थंड ठेवायला लागणारं पाणी, अखंड वीज, हे सगळं असूनही कागदावर ती इमारतच. त्यामुळे पत्रकात ‘जनसुनावणीला या’ छापाल तर लोक येतील आणि सुनावणीच नसेल. ‘लेखी हरकती द्या’ असं लिहा.

वाचक: मसुदा मराठीत मिळाला तर हरकत घेणार ना! याच अधिसूचनेच्या 2020 च्या नव्या मसुद्याचं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा, हे 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं.

ऐरोलीकरीण: समजलं. आता टॉवरचं. ‘किरणोत्सर्ग’ लिहिलंय, चालेल?

भौतिकीची मास्तरीण: अजिबात नाही! किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, रेडियमसारख्या द्रव्यांचा गुण. टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी. पाठ्यपुस्तकी शब्द ‘प्रारण’, तोही ‘अनायनीकारक’, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसलेलं. पत्रकात सरळ ‘लहरी’ लिहा, कळतं सगळ्यांना. वर्तमानपत्रं ‘किरणोत्सर्ग’ छापतात आणि मग टॉवर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चेर्नोबिल उभं राहतं.

वाचक: पण कॅन्सरचा ‘संभाव्य’ धोका आहे असं जागतिक आरोग्य संघटनेनंच म्हटलंय.

मास्तरीण: त्या ‘संभाव्य’नेच घोळ केलाय. मे 2011 मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘2 ब’ गटात टाकल्या. त्या गटाचा शब्द ‘पॉसिबली’. ‘प्रॉबेबली’ हा त्याच्या वरचा ‘2 अ’. आपण दोन्हीकडे ‘संभाव्य’ ठोकतो. मी ‘2 ब’ला ‘नाकारता न येणारा’ आणि ‘2 अ’ला ‘बराच संभवनीय’ म्हणते. लांबलचक आहे, पण फरक राहतो. (‘2 ब’मध्ये पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत. आपलं कैरीचं लोणचं नव्हे, निश्चिंत असा.) दुसरं म्हणजे ही संस्था ‘धोका’ ठरवते, ‘जोखीम’ नाही. विजेच्या तारेत धोका असतोच. जोखीम किती हे तुमचा हात तिच्यापासून किती लांब आहे त्यावर. टॉवरच्या बाबतीत तो हिशेब लहरींच्या तीव्रतेच्या मर्यादेने होतो: 900 मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला 4.5 वॅट, आणि आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 ला त्याचा दहावा भाग, 0.45, लागू झाला होता.

ऐरोलीकरीण: मग ‘टॉवर हटवा’ऐवजी ‘मोजणी करून आकडा जाहीर करा’ अशी मागणी लिहिते. आणि डेटा सेंटरसाठी जनरेटरचा धूर, आवाज, पाणी यावर वेगळी हरकत.

अव्वल कारकून: दोन वेगळे अर्ज करा, खाती वेगळी आहेत. आणि पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. नुसती सही चालत नाही.