फी नसलेल्या जर्मनीत 600 युरोंवर राबायचं का?

लातूरचे_मामा:
भाची आखेनला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतेय. सरकारी विद्यापीठ, ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क तेवढं. आता स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने सहा महिन्यांची इंटर्नशिप देऊ केलीय. पूर्ण वेळ, महिना 600 युरो. माझं मत, सरळ नाही म्हणावं. आखेनची खोली सोडली तर परत मिळायची मारामार, म्हणजे दोन भाडी. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेल्या 11,904 युरोंतून महिन्याला 992 सुटतात, त्यात एका गावात जेमतेम भागतं. शिवाय जाहिरातीत मुद्दाम लिहिलंय, 'फक्त प्फ्लिश्टप्राक्टिकुम', म्हणजे अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप. का? तर तिला किमान वेतन लागू नाही! स्वेच्छेची आणि तीन महिन्यांहून मोठी असती, तर 2026 च्या दराने तासाला 13.90 युरो, म्हणजे महिन्याला 2,400 च्या घरात द्यावे लागले असते. कायद्यात बसते म्हणून पिळवणूक गोड होत नाही.

नेकारकाठचा:
मामा, रागावू नका, पण हिशेब अर्धाच मांडलात. दोन वर्षांची फी वाचली ती कुठे धरलीत? पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, आणि मुलाखतीत पहिलं विचारतात, इथे कुठे काम केलंय? पुण्यातला अनुभव ऐकून घेतात, बस्स. मीही अशीच इंटर्नशिप केली. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे स्वाबियन, म्हणजे तिकडच्या बोलीच्या वळणाचं जर्मन बोलायचे, मी पडद्यावरचे आकडे बघून मान डोलवायचो. पुढे चाचणीचा रिपोर्ट मलाच लिहायला लावला. क्लास लावून हे येत नाही.

खडूस_कोल्हापुरी:
'फी वाचली' हे पालुपद पुरे. स्टुटगार्टचं राज्य बाडेन-वुर्टेमबर्ग 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या पोरांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतंय. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या पोरांना 2,000 ते 6,000 लावलेत. स्वस्त म्हणून गेलेल्यांनी कंपन्यांनाही स्वस्तात पडायचं, हा कुठला न्याय? त्यापेक्षा आखेनमध्येच वर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकर म्हणून लागावं. आठवड्याला 20 तास, किमान वेतन लागू, खोली तीच.

नेकारकाठचा:
लागावं म्हणे! नोकऱ्या काय झाडाला लागल्यात? तिथेही बऱ्याच जागांना बी2, म्हणजे बऱ्यापैकी सफाईचं जर्मन मागतात. आणि परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करता येतं, त्या मर्यादेत सक्तीची इंटर्नशिप धरत नाहीत. ती संपल्यावर ते दिवस शाबूत राहतात, मग करा की वर्कस्टुडंट.

लातूरचे_मामा:
140 दिवसांचं पटलं. 600 चं नाही.

धुळ्याची_लेक:
दोन भाड्यांवरून एवढं भांडताय, तर आखेनची खोली तेवढे महिने झ्विशनमीटेवर द्या ना, पोटभाडेकरू ठेवून. घरमालकाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. आणि मामा, भाचीचं म्हणणं काय, ते अजून कळलंच नाही.

लातूरचे_मामा:
तिला जायचंच आहे. पण वरचे पैसे दाजींनी पाठवायचेत, आणि त्यांचं सगळं सोयाबीनवर. खोलीचं आजच विचारायला सांगतो.