अनुभव हवेत: गावाला जाताना घरी राहून प्राणी सांभाळणारा सिटर कसा निवडलात?

प्राण्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं नसेल, तर आपल्या घरी येऊन राहणारा सिटर हा चांगला पर्याय आहे. त्याची झोपायची जागा, ओळखीचे वास, जेवणाच्या वेळा, काहीच बदलत नाही. पण त्यासाठी घराची किल्ली आणि घरातलं मुकं लेकरू, दोन्ही एका अनोळखी माणसाच्या हाती द्यावं लागतं. एका-दोन भेटींत माणूस कसा ओळखायचा? माझं मत असं झालंय, की आपण सिटरला काय विचारतो त्यापेक्षा तो आपल्याला काय विचारतो हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही भेटीत काय पाहिलंत, कशावरून होकार दिलात, कशावरून नकार, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमची कुत्री रस्त्यावरून आणलेली, अनोळखी पुरुषांना बिचकणारी. म्हणून पहिली भेट घरात न ठेवता बाहेर फिरताना ठेवली. एक जण आला तो थेट तिच्या डोक्यावर हात ठेवायलाच वाकला. "सगळे कुत्रे माझ्याकडे लगेच येतात," म्हणाला. तिने कान मागे पाडले, ओठ चाटले, माझ्या पायांमागे गेली. त्याला त्यातलं काही दिसलंच नाही. दुसऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्याशी बोलत सोबत चालत राहिला. बऱ्याच वेळाने थांबला, तिच्याकडे पाठ अर्धी वळवून उकिडवा बसला, हात गुडघ्यापाशी सैल सोडला. तिने आधी बूट हुंगला, मग पॅन्टची कड, मागे सरली, परत आली. तरी त्याने हात लावला नाही. "आज एवढं पुरे, मी परत येतो," म्हणाला. जाता जाता विचारलं, "दार उघडलं की ही बाहेर धावते का?"

तिथेच आमचं ठरलं. मालक घरात नाहीत, माणूस नवा, अशा पहिल्या दिवसांतच घाबरट कुत्री निसटतात. पुढच्या भेटीत त्याने आमच्यासमोर तिला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घातला आणि पट्टा हार्नेस व कॉलर दोन्हींत अडकवला, म्हणजे एकातून निसटली तरी दुसरं धरून ठेवतं. मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीत आमचा चालू फोन नंबर आहे का, हेही त्यानेच विचारलं.

⁂

आमच्या बोक्याला मधुमेह आहे, साधारण १२ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा इन्सुलिन. "इंजेक्शन देता येतं" असं सगळेच सांगतात. मी एकच प्रश्न ठेवला होता: त्याने खाल्लंच नाही तर? एकीने उत्तर दिलं, "काळजी करू नका, डोस चुकवणार नाही." तिचा हेतू चांगलाच होता, पण उपाशीपोटी नेहमीचा डोस गेला तर साखर इतकी खाली येऊ शकते की झटके येतील. जिला ठेवलं ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना फोन करीन, ते सांगतील तसं." मग तिने बाटली आणि सिरिंजचं पाकीट हातात घेऊन दोन्हींवरचे आकडे वाचले. इन्सुलिन यू-४० आणि यू-१०० अशा वेगळ्या ताकदींचं येतं, सिरिंजही त्याच ताकदीची लागते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. हे मी सांगायच्या आधी तिने तपासलं. मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

⁂

फक्त मासे असतील तर: रोजचं खाणं गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवा आणि मोठा डबा कपाटात बंद करा. नवखा माणूस मायेने जास्तच घालतो, आणि उरलेलं खाणं कुजून पाणी बिघडतं.

⁂

पोपट, लव्हबर्ड, फिंच, कुठलाही पक्षी असणाऱ्यांसाठी. सिटर घरात राहणार म्हणजे स्वयंपाकही करणार. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना सहन होत नाही, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. माणसाला वासही येत नाही. आम्ही भेटीत स्वयंपाकघर दाखवलं, नॉनस्टिक भांडी बांधून वर ठेवली, आणि का ते सांगितलं. त्या मुलाने लगेच विचारलं, "मग अगरबत्ती, रूम फ्रेशनरपण नको ना?" अगदी बरोबर.

⁂

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे सिटर. मालकांना विनंती आहे, प्राण्याचे दोष लपवू नका. "चावतो का?" विचारलं की "छे, कधीच नाही" असंच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, "खाताना भांडं उचललं तर काय करतो? झोपेतून उठवलं तर? नखं कापताना?" तेव्हा नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि खरी माहिती बाहेर येते. त्यामुळे मी काम नाकारत नाही, फक्त भांडं उचलत नाही. रेबीजच्या लसीचं कार्ड मात्र बघतेच.

आणखी एक गोष्ट मी लेखी घेते: तुमचा फोन लागला नाही आणि प्राणी आजारी पडला, तर डॉक्टरांकडे नेऊन कितीपर्यंत खर्च करायचा, आणि निर्णय कोण देणार. ऑपरेशनची वेळ आली आणि हो म्हणणारं कोणी नाही, ही अवस्था फार वाईट असते. घरात कॅमेरे असतील तर कुठे आहेत तेही आधी सांगा. मी तिथे झोपते, कपडे बदलते.

⁂

वरच्या ताईंशी सहमत. मांजरवाल्यांसाठी माझी भर: भेटीत मांजर बाहेर आलं नाही म्हणून सिटरला नापास करू नका. आमची माऊ पूर्ण वेळ पलंगाखाली होती. सिटर काका जमिनीवर बसले, तिला ओढून काढायला गेले नाहीत, "लपायच्या सगळ्या जागा दाखवा" म्हणाले. फोटो गोड आले नाहीत तरी चालतील, लिटर बॉक्समध्ये, म्हणजे तिच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत, रोज लघवीचे किती गोळे निघाले ते कळवा, असं आम्ही ठरवलं. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, कारण उपाशी मांजराचं यकृत बिघडू शकतं. आणि बोका लिटरमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच न्यायचं.

⁂

सशाला तर एवढाही अवधी नसतो. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद, म्हणजे तातडीने दवाखाना. आम्ही निघण्याआधी सिटरला एक रात्र आमच्या घरी राहायला बोलावलं आणि आम्ही बाहेर झोपलो. सकाळी तिने स्वतःहून लेंड्यांचा फोटो पाठवला, सोबत "नेहमी एवढ्याच आकाराच्या असतात ना?" असा प्रश्न. त्या रात्रीचे पैसे अर्थातच दिले. आमची दुसऱ्या पसंतीची सिटर होती, तिलाही किल्लीचं आणि डॉक्टरांचं सगळं सांगून ठेवलंय, पहिली आजारी पडली तर ती येईल.