उत्तर: फुलपाखरं येतात, पण थांबत का नाहीत?

झेंडू, घाणेरी लावूनही फुलपाखरं टिकत नाहीत, असा प्रश्न आहे. फुलांत फक्त मध मिळतो. अंडी घालायला अळीचं खाद्य असलेलं झाडच लागतं. गॅलरीत कढीलिंब किंवा लिंबू लावा, बारा इंची कुंडीत, शक्यतो दोन-तीन रोपं. मोठी अळी लहान रोप सहज ओकंबोकं करते. अंडी कोवळ्या पालवीवर पडतात, म्हणून नवी पालवी फुटावी यासाठी अधूनमधून शेंडे खुडा. या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसतं ती लहान अळीच, झटकू नका! पानफुटीवर रेड पिएरो या फुलपाखराची अळी पानाच्या आत राहते. रोग समजून ती पानं तोडली जातात, याचं फार वाईट वाटतं. नर्सरीत कीटकनाशक मारलेल्या रोपावर अळ्या मरतात, म्हणून कढीलिंब बियांपासूनच वाढवलेला उत्तम. निंबोळी तेलही फवारू नका.