बचत गटातील महिलांना आधी ऑनलाइन विक्री शिकवावी की हिशेब?

प्रश्न (सोलापूर जिल्हा):
आमच्या गावातील बचत गटात बहुतेक जणी भूमिहीन कुटुंबांतील आहेत. त्यांची कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम असते, पण विक्री आठवडी बाजारापलीकडे जात नाही. एक संस्था मोबाइलवरून विक्रीचे प्रशिक्षण द्यायला तयार आहे. काही जणींना जेमतेम सही करता येते. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १:
ताई, सुरुवात हिशेबापासूनच करावी. चटणीचा भाव ठरवताना शेंगदाणे, लसूण, तिखट आणि पाकीट यांचा खर्च धरला जातो, परंतु स्वतःची मजुरी बहुतेक जणी धरतच नाहीत, आणि त्यामुळे विक्री वाढली तरी हातात काही उरत नाही. ऑनलाइन विक्रीत कुरिअर, कमिशन आणि वाटेत मोडलेल्या भाकरीचे नुकसान यांची भर पडते. शिक्षण कमी आहे, ही अडचण मानू नये. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला परवाना अर्ज सभासद महिला निरक्षर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता. त्या महिलांनी तोंडी व्याज मोजून दाखवण्याची तयारी ठेवली, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

प्रतिसाद २:
वरील मत मला पटते, परंतु मोबाइल पुढे ढकलू नये, कारण यूपीआयने आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद खात्यात राहते आणि कर्ज मागताना उलाढालीचा तोच पुरावा ठरतो. मात्र मोबाइल कोणाचा आहे, हे प्रशिक्षणाआधी अवश्य विचारावे. बँक खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा क्रमांक जोडलेला असेल, तर पैसे आल्याचा संदेशही त्या बाईपर्यंत पोहोचत नाही, आणि मग शिकलेले वापरणार कसे? लिहिता न येणाऱ्या जणी आवाजी संदेशावर मागणी सहज घेऊ शकतात.

प्रतिसाद ३:
ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी. तेथे प्रशिक्षण मोफत असून राहण्या-जेवण्याची सोयही असते. यंत्रासाठी कर्ज घ्यायचे असल्यास २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. हे अनुदान बँक कर्जाशी जोडलेले असते. त्यामुळे ‘अनुदान आणून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये, आणि योजनेची सद्यःस्थिती तालुका कृषी कार्यालयातच विचारावी.