२०×५० पेक्षा ८×४२ मधून पक्षी जास्त स्पष्ट का दिसतो? पहिली चांगली दुर्बीण घ्यायची आहे

नवी_निरीक्षक

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर एकाच कंठेरी चिखल्याकडे दोन दुर्बिणींतून पाहिलं. एक बिननावाची स्वस्त २०×५०, दुसरी एका नावाजलेल्या कंपनीची ८×४२. २० पटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा होता, पण नुसता राखाडी ठिपका. ८ पटीच्या दुर्बिणीत तो बराच लहान, तरी डोळ्याभोवतीची पिवळी कडी स्वच्छ दिसत होती. दोन्हींत एवढा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेऊन मग खरेदी करायची आहे.

बजेट १५ हजारांपर्यंत. चष्मा -४ चा आहे आणि दर वेळी काढघाल करायची नाही. फिरणं पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाचं खोरं आणि हिवाळ्यात भिगवण. दुकानदार १०×४२ घ्या म्हणतात. ८ आणि १० मध्ये काय निवडावं?

लोलक

पहिला आकडा पक्षी किती मोठा दिसेल एवढंच सांगतो. तो किती स्पष्ट दिसेल हे वेगळ्या गोष्टींवर ठरतं.

आधी हात. दुर्बीण पक्ष्याला २० पट करते तशी हाताच्या थरथरीलाही २० पट करते. ट्रायपॉडशिवाय ती थरथर कडी, चोच, पायांचा रंग सगळं पुसून टाकते. भिगवणला तर दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते. ती लहरही पटीबरोबर वाढते. दुपारी ८ पटीतून दिसत नाही ते २० पटीतून दिसेल ही आशा सोडा.

मग प्रकाश. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास. त्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याचा व्यास मिळतो. २०×५० मध्ये २.५ मिमी, ८×४२ मध्ये ५.२५, १०×४२ मध्ये ४.२. भर उन्हात आपली बाहुली २-३ मिमीच उघडी असते, त्यामुळे तेव्हा उजेड कमी पडत नाही. पण इतक्या लहान गोळ्यावर बाहुली नेमकी धरून ठेवावी लागते, जरा हललं की काळं. पहाटे किंवा खोऱ्यातल्या दाट सावलीत बाहुली मोठी होते आणि २.५ मिमीचा गोळा तोकडा पडतो.

तिसरी गोष्ट अंगावर छापलेली नसते, आणि खरा फरक बहुधा तिथेच आहे: काच आणि तिच्यावरचे थर. दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून हवा आणि काच भेटतात असे दहाहून अधिक पृष्ठभाग असतात. थर नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो नुसता वाया जात नाही, नळीत इकडेतिकडे आपटून धुक्यासारखा पसरतो. पांढऱ्या चिखलावरचा तपकिरी-पांढरा पक्षी म्हणूनच राखाडी दिसतो. चांगल्या दुर्बिणीत प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर असतात. वर्णनात ‘फुली मल्टिकोटेड’ असे पूर्ण शब्द शोधा. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठेतरी एखादा थर. पुढची भिंगं माणकासारखी लालभडक चमकत असतील तर ती ठेवून द्या. ते थर लाल प्रकाश परत फेकतात, आणि आत दिसणारे रंग हिरवट-निळसर होतात.

१०-३० किंवा १०-९० असं लिहिलेल्या झूम दुर्बिणी पाहूही नका. पट वाढवता तसं चित्र अंधारतं, दोन्ही नळ्यांचं झूम एकसारखं चालत नाही आणि कमी पटीवर दृश्याचा गोल फार अरुंद असतो.

टेकडीवरची_टिटवी

८ की १० याचं उत्तर तुमच्या जागांनीच दिलंय. चारपैकी दोन ठिकाणं झाडीची, तेव्हा ८ घ्या.

झाडीत अडचण पक्षी मोठा करण्याची नसते, तो सापडण्याची असते. दृश्याचा कोन अंशांत दिलेला असतो, त्याला १७.५ ने गुणलं की १००० मीटरवर किती मीटर रुंदीचं दिसतं ते कळतं. ७ अंशांची दुर्बीण ३० मीटरवर साधारण पावणेचार मीटर रुंदीची फांदी दाखवते. ३ अंशांची जेमतेम दीड मीटर. पानांत सतत हलणारा वटवट्या दीड मीटरच्या गोलात आणेपर्यंत पुढच्या झाडावर गेलेला असतो. ८×४२ मध्ये ७ अंशांच्या पुढे मिळालं तर उत्तम, ६ च्या खाली जाऊ नका.

आता चष्मा. तुमच्यासाठी हा मुद्दा पटीपेक्षा महत्त्वाचा आहे. ‘आय रिलीफ’ हे माप मिमीमध्ये असतं: भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो, ते अंतर. चष्म्यासाठी ते किमान १६ हवं. मात्र भिंग रबरी कपात खोल बसवलेलं असेल तर त्यातले २-३ मिमी तिथेच खर्च होतात, म्हणून कागदावर न जाता चष्मा घालून, कप पूर्ण खाली फिरवून बघा. गोलाची काळी कड सगळीकडून रेखीव दिसली पाहिजे.

निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ (७.२ अंश, आय रिलीफ २० च्या आसपास) आणि सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ (७.४ अंश, १७.५ मिमी) या दोन्ही तुमच्यासाठी पाहण्यासारख्या. निकॉन मोनार्क एम५ मध्ये ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी काच आहे, त्यामुळे उजळ आभाळावरच्या घारीच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ कमी दिसते. पण ती या बजेटच्या वर जाते, आणि तिचा कोन ६.४ अंशच आहे. किमती वरखाली होत असतात, दोन-तीन ठिकाणी विचारा.

पाणथळ

वरच्या दोन्ही दुर्बिणी सरळ नळीच्या, म्हणजे रूफ लोलकाच्या आहेत. १५ हजारांखाली मी आजही आधी पोरो सुचवतो, म्हणजे जुन्या घडणीच्या, ज्यांची पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असतात त्या.

कारण सांगतो. पोरो लोलकात प्रकाश काचेच्या आतूनच पूर्ण परावर्तित होतो, कुठेही आरशाचा थर लागत नाही. रूफच्या नेहमीच्या रचनेत एका पृष्ठभागावर आरशासारखा थर द्यावाच लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर प्रकाश बराच खातो, चांदीचा बरा, डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पारदर्शक थरांचा, सर्वात उत्तम. शिवाय लोलकाच्या छपरासारख्या कडेवर प्रकाश दोन भागांत फुटतो आणि पुन्हा जुळताना त्यांचा ताल चुकतो, त्याने बारीक तपशील मऊ पडतो. ते सुधारायला फेज कोटिंग लागतं. हे सगळं नीट केलेलं रूफ महाग असतं. त्याच पैशांत पोरो अधिक उजळ आणि रुंद चित्र देते: निकॉन ॲक्युलॉन ए२११ ८×४२ चा कोन ८ अंश आहे, ऑलिंपस ८×४० डीपीएस-१ चा ८.२.

टेकडीवरची_टिटवी

पाणथळ, चित्राबद्दल मान्य. पण या दोन्हींचा आय रिलीफ १२ मिमी आहे. -४ चा चष्मा लावून त्यांना ८ अंशांतला मधला भागच दिसेल, म्हणजे पोरोचा सगळा फायदा तिथेच गेला. आणि या दोन्ही जलरोधक नाहीत. सिंहगडाच्या खोऱ्यात जूनपासून काय हवा असते ते तुम्हाला माहीत आहे. चष्मा नसलेल्या माणसाला मीही ॲक्युलॉनच सांगेन.

पाणथळ

चष्म्याचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. यांच्यासाठी रूफच. मग नेचर डीएक्सला झुकतं माप द्या, तिच्यात फेज कोटिंग आहे आणि ती दोन मीटरपर्यंत जवळचं फोकस करते. बागेतला शिंजीर किंवा फुलपाखरूसुद्धा बघता येईल. पी३ तीन मीटरपासून पुढे.

नवी_निरीक्षक

खूप उपयोगी. दुकानात एकाच मॉडेलचे दोन-तीन नग काढून दाखवतो म्हणालेत. त्यांतून निवडताना काय तपासू?

लोलक

दुकानाच्या दाराबाहेर येऊन तपासा, आतल्या दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी बऱ्या वाटतात.

दुर्बीण ३० सेंटिमीटर लांब धरून उजेडाच्या भिंतीकडे रोखा, सूर्याकडे चुकूनही नाही. डोळ्याकडच्या भिंगांत दोन प्रकाशाचे गोळे दिसतील. ते पूर्ण गोल आणि दोन्ही सारखे हवेत. पोरोमध्ये कडा छाटून चौकोनी झाल्या असतील तर लोलक बॅक-४ या चांगल्या काचेऐवजी हलक्या प्रतीच्या बीके-७ काचेचा आहे. भिंगापाशी पारदर्शक पट्टी धरून गोळ्याचा व्यास मोजा. ८×४२ मध्ये ५ मिमीच्या थोडं वर यायला हवा, ४.५ च आला तर त्याला ८ ने गुणा, ३६ झाले. म्हणजे पुढची काच ४२ ची असली तरी आतल्या कड्या प्रकाश अडवताहेत. बिननावाच्या दुर्बिणींत हा प्रकार सापडतो.

मग लांबच्या विजेच्या खांबावर नीट फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश दोन-तीन इंच मागे न्या. तारेची दोन्ही डोळ्यांतली रेघ वरखाली सरकली तर नळ्या एका दिशेला नाहीत. हा दोष जिवघेणा त्रासदायक असतो, कारण सुरुवातीला मेंदू दोन चित्रं ओढून जुळवतो, आणि अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं. असा नग अजिबात घेऊ नका.

शेवटी फोकसचं चाक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच ओढीने फिरावं. दिशा बदलताना चाक फिरतं पण चित्र हलत नाही असा रिकामा भाग जाणवला तर दुसरा नग मागा. कानाशी हलवून खडखड येते का तेही ऐका.

नवी_निरीक्षक

नेचर डीएक्स घेतली. तिन्ही नगांत एकाचं चाक ढिलं होतं, ते वगळलं. चित्र सुरेख आहे, पण उजवा डोळा किंचित मऊ वाटतो आणि मधूनमधून काळ्या सावल्या येतात. दोष आहे की माझं चुकतंय?

टेकडीवरची_टिटवी

बहुधा जुळवणी राहिली आहे. चष्मा घालूनच करा.

आधी दोन्ही नळ्या बिजागरीवर उघडझाप करून दोन गोलांचा एक गोल होईल तिथे थांबा. काळ्या सावल्या बहुतेक वेळा हे अंतर चुकल्याने येतात. मग ५०-६० मीटरवरची अक्षरं असलेली पाटी निवडा. उजव्या पुढच्या भिंगावर टोपी लावा आणि डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर पाटी स्पष्ट करा. आता टोपी डावीकडे लावा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. डोळा मिटण्यापेक्षा टोपी बरी, कारण एक डोळा मिटला की दुसराही आकसतो. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. पिशवीत घासून ती सरकते, त्यामुळे मधूनमधून बघत जा. यापुढे फक्त मधलं चाक.

चष्म्यात सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा काढून बघू नका. दुर्बिणीचं फोकस तो नंबर भरून काढत नाही.

पाणथळ

पक्षी सापडत नसेल तर आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्यावर नजर रोखा आणि नजर तशीच ठेवून दुर्बीण वर आणा. खाली दुर्बिणीकडे पाहिलंत की जागा हरवते. कोपरं बरगड्यांना टेकवा. ६०० ग्रॅमच्या वर वजन आहे, तेव्हा गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्या, मान आखडणार नाही.

धूळ कधीही ओढणीने किंवा शर्टाने पुसू नका. टेकडीवरच्या धुळीत बारीक वाळू असते, ती थरांवर ओरखडे काढते. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर भिंगाच्या कागदावर द्रवाचा एक थेंब घेऊन मधून बाहेर गोल पुसा. थेंब थेट काचेवर टाकायचा नाही.

जून ते ऑक्टोबर मूळ पिशवीत ठेवू नका, तिचं कापड ओल धरून ठेवतं आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. जलरोधक दुर्बिणीच्या आत ती सहसा जात नाही, पण बाहेरून धरलेली बुरशीही थर खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात १००-२०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल घाला. नारिंगी दाणे हिरवे झाले, किंवा निळे गुलाबी, की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवा, पूर्ण थंड करा आणि परत घाला. पावसातून आल्यावर दुर्बीण आधी पंख्याखाली तासभर कोरडी होऊ द्या, ओली तशी डब्यात बंद करू नका.

नवी_निरीक्षक

टोपी लावून जुळवलं. खूण मधल्या रेघेपासून एक घर उजवीकडे आली, सावल्या गेल्या. समोरच्या वडावरच्या तांबटाच्या कपाळावरचा लाल ठिपका आणि चोचीच्या बुडाचे राठ केस दोन्ही दिसताहेत.